मुरुमचा एकच धागा

नवं व्हर्जन काढणं सोपं असतं. जुनं कधी बंद करायचं हे ठरवणं अवघड, आणि गेली काही वर्षं ते काम माझ्याकडं आहे.

सॉफ्टवेअर चर्चामंचाचं आहे. कुणीतरी एक विषय काढतं, त्याखाली बाकीचे लिहीत जातात. मोटारी दुरुस्त करणाऱ्यांपासून मधमाश्या पाळणाऱ्यांपर्यंत जगभरची मंडळी ते वापरतात. ते फुकट आहे, त्याचा कोड कुणालाही बघता येतो, बदलता येतो, आणि जगाच्या निरनिराळ्या कोपऱ्यांत बसलेली आम्ही मूठभर माणसं तो सांभाळतो. त्यातला एक कोपरा धाराशिवात, आमच्या घराच्या मागच्या खोलीत आहे. पोटापाण्यासाठी मी शाळा-कॉलेजांच्या वेबसाइटी करते. हे काम त्याच्या जोडीला, बिनपगारी. नवरा कोर्टात नोकरीला आहे. तो म्हणतो, "आमच्याकडं तारखा पडतात, तुमच्याकडं व्हर्जनं. निकाल दोन्हीकडं लागत नाही."

मोठं व्हर्जन यायच्या आधी मी एक तक्ता करते. एका बाजूला जुनी व्हर्जनं, दुसऱ्या बाजूला नवी. कुठून कुठं थेट जाता येतं, कुठं मधल्या व्हर्जनवर थांबावं लागतं, वरून जोडलेलं कोणतं प्लगइन चालेल, कोणतं मोडेल. मुरुमहून येरमाळ्याला निघालेल्या माणसाला सांगावं लागतं ना, की इथं उतर, तिथं गाडी बदल, आणि फार उशिरा निघू नकोस, पुढची एसटी मिळायची नाही. तेच काम. फरक एवढाच की माझे प्रवासी मला दिसत नाहीत. गाडी चुकल्यावरच ते बोलतात.

त्या उन्हाळ्यात आम्ही मजकूर साठवायची पद्धतच बदलत होतो. त्यामुळं प्रत्येक मंचावरचा सगळा जुना मजकूर एकदा उचलून नव्या साच्यात बसवावा लागणार होता. ते आपोआप करणारा छोटा प्रोग्रॅम, म्हणजे स्क्रिप्ट, लिहून तयार होती. तक्त्याच्या तळाशी मीच एक ओळ लिहिली होती: नवं व्हर्जन आलं की जुन्याच्या दुरुस्त्या बंद. सगळ्यांनी मान्य केली. मलाही ती ओळ आवडली होती. छोटी आणि स्पष्ट.

त्याच आठवड्यात मुरुमहून आपांचा फोन आला.

आपा निवृत्त शिक्षिका. नोकरीत असतानाच त्यांनी शेळ्या पाळल्या, आणि निवृत्तीनंतर शेळीपालकांसाठी मंच काढला, आमच्याच सॉफ्टवेअरवर. आमची ओळख झाली ती वेगळ्याच कारणानं. प्रकल्पाच्या पानावर माझ्या माहितीत गावाचं नाव वाचून त्यांनी मला शोधून काढलं होतं. पहिल्या फोनवर म्हणाल्या, "तुम्ही धाराशिवच्या? आणि हे तुम्ही बनवता? मग आम्ही उगाच इतके दिवस इंग्रजीत रडत होतो." तेव्हापासून त्यांना काही अडलं की त्या रडत नाहीत, मला फोन करतात. 'मॅडम'पासून सुरू झालं होतं, महिनाभरात 'बेटा'वर आलं.

त्यांच्या मंचावर उमरग्यापासून येरमाळ्यापर्यंतचे लोक आहेत, काही सीमेपलीकडचे, अर्धं मराठी अर्धं कन्नड लिहिणारे. सगळे आपली काळी, लांब कानाची शेळी पाळणारे. जिल्ह्याचं नाव बदललं, शेळीचं उस्मानाबादीच राहिलं. बाजारात कुणी अडत नाही. जुनं नाव घेऊन आलेल्या गिऱ्हाइकालाही शेळी मिळते, नवं घेऊन आलेल्यालाही. आमच्या धंद्यात याला सुसंगतता म्हणतात आणि त्यासाठी महिनोन्महिने बैठका घेतात.

"बेटा," आपा म्हणाल्या, "सर्व्हरवाल्यांचा मेल आलाय. म्हणतात, तुमचं लई जुनं झालंय, महिनाअखेर बंद करणार. मी जुनी झाले ते मला ठाऊक आहे, पण यांना कुणी सांगितलं?"

"तुम्ही नाही आपा. सर्व्हरवर खाली जी भाषा चालते ती जुनी झालीय. ती बदलली की तुमचं जुनं व्हर्जन चालणार नाही. नवं घ्यावं लागेल."

"मग घेऊ की. बकरी ईदीच्या आधी झालं पाहिजे बघ. तेव्हा आमच्याकडं पाय ठेवायला जागा नसते."

"मला आधी एक बॅकअप पाठवा. इथं करून बघते."

मला वाटलं, जेवायच्या आत होईल. स्क्रिप्ट सुरू केली आणि भाजी फोडणीला टाकली. परत येऊन बघते तर स्क्रिप्ट मेलेली. मेमरी संपली. पुन्हा लावली, पुन्हा तिथंच मेली. मेमरी वाढवून दिली, थोडी पुढं जाऊन मेली. भाजी लागली ते नवऱ्यानं सांगितलं.

मग आत डोकावून पाहिलं. आमची स्क्रिप्ट एक विषय पूर्ण उचलते, नव्या साच्यात बसवते, खाली ठेवते, मग पुढचा विषय. कुठल्याही मंचावर विषय हजारो असतात आणि एकेक विषय आटोपशीर असतो. आपांच्या मंचावर विषय एकच होता. इतक्या वर्षांचं सगळं बोलणं त्या एका धाग्यात. त्याचं नाव होतं, "सलाम, रामराम, सगळे इथंच लिहा".

मी लगेच फोन लावला.

"आपा, हे सगळं एकाच ठिकाणी का लिहिलंय?"

"मग कुठं लिहायचं?"

"वेगवेगळे विषय काढायचे असतात. खाद्य, आजार, विक्री. त्यासाठीच मंच असतो."

"तुमच्याकडं असेल."

"सोपं आहे. मी याचे वर्षावार तुकडे करते. मग स्क्रिप्ट चालेल. अर्ध्या दिवसाचं काम."

पलीकडं शेळी ओरडली. आपांनी तिला दटावलं. मग म्हणाल्या, "तुकडे करायचे न्हाईत. तू इकडं ये एकदा."

मला कुणी असं बोलावलं की मी जात नाही. त्यांना फोनवर समजावता आलं असतं. पण सहकाऱ्यांशी बैठक आठवड्यावर होती, तक्ता पक्का व्हायचा होता, आणि मला खुर्चीत बसवेना. दर थोड्या वेळानं उठायचे, कूलरमध्ये पाणी टाकायचे, परत येऊन तीच ओळ वाचायचे. नवरा म्हणाला, "अगं, जा जाऊन ये. कूलर भरून वाहायला लागलाय."

एसटीनं गेले. मे महिन्याची दुपार, उमरग्यापर्यंत खिडकीतून गरम वारा. आपांच्या अंगणात पत्र्याची शेड, त्याखाली शेळ्या, कोपऱ्यात बाभळीच्या शेंगांचा ढीग. मी तक्ता छापून नेला होता, समजावून सांगायला सोपं जावं म्हणून. चहा घेताना तो बाजेवर ठेवला आणि एका शेळीनं त्याचा कोपरा खाल्ला.

"तिला चाललं," आपा म्हणाल्या. "आता बाकीच्यांचं बघू."

त्यांनी शेजारच्या बाईला हाक मारली. तिच्याकडं तीन शेळ्या आणि एक जुना, काच तडकलेला फोन. "दाखव गं यांना, कसं लिहितेस ते."

ती लाजली नाही की काही नाही. फोन काढला, मंच उघडला. एकच विषय, त्यावर बोट. मग अंगठ्यानं सरसर खाली, अगदी तळाला. तिथं लिहायची चौकट होती. तिनं बोलून लिहायचं माइकचं चिन्ह दाबलं आणि फोनला तोंडाजवळ धरून म्हणाली, "धाराशिवच्या बाई आल्यात, त्यांचा कागद शेळीनं खाल्ला." पाठवलं. फोन पदराखाली.

"वरचं वाचता का कधी?" मी विचारलं.

"लई वर न्हाय जात म्या. खालीच बोलते. कुणीतरी सांगतंय, वर बघा म्हणून, मग जाते."

"आणि हे चिन्ह?" मी नव्या विषयाचं बारकं चिन्ह दाखवलं. जुन्या व्हर्जनमध्ये ते वरच्या कोपऱ्यात, राखाडी रंगात असतं.

तिनं आपांकडं पाहिलं. "त्याला हात न्हाय लावायचा. ती वेगळी चूल."

ती गेल्यावर आपांनी सांगितलं. मंच नवा होता तेव्हा विषय बरेच होते. मोठ्या पालकांनी, ज्यांच्याकडं शंभराच्या वर शेळ्या, स्वतःचा विषय काढला: बंदिस्त शेळीपालन. लातूरकडचे एक निवृत्त पशुवैद्य आहेत, सगळे त्यांना नुसतं डॉक्टर म्हणतात. ते रोज जेवणानंतर प्रश्नांची उत्तरं देतात. मोठ्यांचे प्रश्न जास्त, म्हणून ते तिकडंच लिहू लागले. इकडं तुळजापूरच्या बाजूच्या एका बाईनं विचारलं, शेळ्यांची पोटं फुगलीत, काय करू. ते तिनं जुन्या विषयात विचारलं. डॉक्टर तिथं दोन दिवस फिरकलेच नाहीत. दोन्ही शेळ्या गेल्या. दोनच होत्या.

"डॉक्टरची चूक न्हाई," आपा म्हणाल्या. "मोठ्यांची पण न्हाई. कुणी कुणाला वाऱ्यावर सोडायचं म्हणून सोडलं नव्हतं. पण दोन दारं केली की माणूस आपल्याच दारातून जातो. म्हणून मी सगळं एकात घातलं. आता शंभरवाल्याला पण तीनवालीचं वाचूनच खाली यावं लागतं. कुरकुर करतात. करू दे."

"पण आपा, हे व्हर्जन त्या लांबीचा विषय घेत नाही."

"तर मग ते व्हर्जन आमचं न्हाई. आणि जुनं बंद होणार. म्हणजे दुकान बंद. तसं सांग, मी फलक लावते."

त्या रागानं बोलल्या नव्हत्या. शाळेत पोराला नापास झालास हे सांगताना वापरत असतील तसला सपाट आवाज. परतीच्या गाडीत मी कोपरा गेलेला तक्ता मांडीवर घेऊन बसले. तळाची ओळ शाबूत होती: नवं आलं की जुन्याच्या दुरुस्त्या बंद.

बैठक ठरल्या दिवशी संध्याकाळी झाली, व्हिडिओवर. कोडची मुख्य जबाबदारी पोर्तुगालच्या सहकाऱ्यावर आहे. हुशार, नीटनेटका माणूस, आणि मला आवडतो, कारण तो फापटपसारा बोलत नाही. मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "विषयाचे तुकडे कर. असा विषय जगात दुसऱ्या कुणाचा नाही."

"तुला कसं माहीत?"

"कुणी तक्रार केली नाही."

"त्यांनी अजून अपग्रेड केलं नाही. तक्रार नंतर येते."

"एका मंचासाठी व्हर्जन पुढं ढकलायचं?"

"ढकलू नको. स्क्रिप्टनं विषय पूर्ण उचलायच्या ऐवजी थोडा थोडा उचलावा. मी लिहिते."

"तुझ्याकडं वेळ कोड गोठवण्याच्या दिवसापर्यंत, त्यानंतर नवं काही आत घेणार नाही. नाही झालं तर तक्त्यात लिहू, की फार लांब विषय आधी तोडून घ्यावेत."

त्याचं म्हणणं रास्त होतं. मी त्याच्या जागी असते तर हेच म्हणाले असते. म्हणूनच वाद घालता येईना आणि बैठक संपल्यावर मी बराच वेळ अंगणात उगाच येरझाऱ्या घातल्या.

पुढचे दिवस मी माणसात नव्हते. सकाळी शाळांची कामं, दुपारी स्क्रिप्ट, मुरुमहून निघताना घेतलेल्या ताज्या बॅकअपवर. थोडा थोडा उचलणं ऐकायला सोपं. पण धाग्यात प्रत्येकजण दुसऱ्याला म्हणत होता, वर बघा, आणि त्या "वर"ला जोडलेला दुवा असायचा. एक गठ्ठा नव्या साच्यात, दुसरा अजून जुन्यात, आणि दुवा एकाकडून दुसऱ्याकडं. एक जोडला की दुसरा तुटायचा. मी जेवताना उठायचे, काहीतरी लिहून यायचे. नवरा ताट झाकून ठेवायचा. एकदा म्हणाला, "तुझ्या त्या आपांना सांग, आमच्या घरचा धागा तुटत चाललाय." मी म्हटलं, "अहो, वर बघा." तो हसला. मला हसू आलं नाही.

शेवटी चालली. गठ्ठ्यामागून गठ्ठा पुढं सरकत होता. अर्ध्याच्या पुढं गेली आणि वीज गेली.

उन्हाळ्यात आमच्याकडं वीज जाणं ही बातमी नसते. इन्व्हर्टर होता, पण त्याची बॅटरी म्हातारी. पंखा ओढायची, कॉम्प्युटर नाही. स्क्रीन काळी. मी अंधाऱ्या खोलीत भर दुपारी बसून राहिले, घाम टिपत. वीज आल्यावर बघितलं तर धागा अर्धा नवा, अर्धा जुना, आणि कुठून पुढं जायचं ते स्क्रिप्टला ठाऊक नाही. ती परत पहिल्यापासून सुरू झाली आणि नव्या झालेल्यालाच पुन्हा नवं करू लागली. त्या दुपारी मी खोलीचं दार आपटलं, हे नवऱ्याच्या मते पहिल्यांदा नाही.

पण त्यामुळं एक झालं. सहकाऱ्यांपैकी कुणाच्याही घरी वीज जात नाही, त्यामुळं स्क्रिप्ट मध्येच तुटू शकते हे कुणी धरलंच नव्हतं. मी प्रत्येक गठ्ठ्यानंतर खूण ठेवायची सोय केली: इथवर झालं. पुन्हा सुरू केली की खुणेपासून पुढं. चाचणी घ्यायला वेगळं काही करावं लागलं नाही. वीज येत राहिली, जात राहिली. धागा संध्याकाळी तळाला पोचला. मी सगळ्यात शेवटचा मजकूर उघडला: "धाराशिवच्या बाई आल्यात, त्यांचा कागद शेळीनं खाल्ला."

गोठवण्याच्या दिवशी माझा कोड आत गेला. पोर्तुगालच्यानं लिहिलं, "ठीक." त्याचं ठीक म्हणजे पुष्कळ.

नवं व्हर्जन आल्यावर, महिनाअखेरच्या आत, आपांचा मंच त्यावर चढवायचा दिवस ठरला. त्यांनी आदल्या दिवशी सूचना लिहिली: "उद्या दुपारी दुरुस्तीसाठी मंच बंद राहील. ज्यांच्या शेळ्या उद्या व्यायच्या आहेत त्यांनी डॉक्टरांना थेट फोन करावा. शेळ्यांना थांबायला सांगू नये, त्या ऐकत नाहीत."

दुपारी काम झालं. धागा अखंड, दुवे जागच्या जागी. आपांनी फोनवर उघडून पाहिलं.

"काय बदललं गं?"

"काही नाही."

"मग इतके दिवस काय करत होतीस?"

मी त्या रात्री नीट जेवले. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला तेव्हा मी एका कॉलेजच्या वेबसाइटवर प्राचार्यांचा फोटो सरळ करत होते.

"बेटा," आपा म्हणाल्या, "घर फुटलं."

मंच उघडला. एक विषय होता तिथं आता विषयांची रांग लागली होती. "पिल्लू दूध ओढत नाही". "ईदीसाठी दोन बोकड आहेत". "आज इथं सामसूम का". आणि मग: "माफी, चुकून वेगळी चूल मांडली गेली". त्याखाली आणखी एक: "माझ्याकडून पण, माफी". मग तिसरी. माफी मागायला गेलेला प्रत्येकजण नवा विषय उघडत होता.

मला कळायला वेळ लागला नाही. नव्या व्हर्जनमध्ये आमच्या रचनाकारांनी फोनवरचं पान सुधारलं होतं. नव्या विषयाचं बारकं राखाडी चिन्ह जाऊन तळाला मोठं हिरवं बटण आलं होतं, अंगठ्याला सोपं पडेल असं. उत्तराची चौकट एक टप्पा आत गेली होती. ज्यांची बोटं वर्षानुवर्षं तळाला जाऊन बोलत होती ती तळालाच गेली आणि हिरव्यावर पडली. माझ्या तक्त्यात डेटाबेस होता, भाषा होती, प्लगइनं होती. बोट नव्हतं.

"डॉक्टर कुठं आहेत?" मी विचारलं.

"तेच सांगते. त्यांनी रात्री जुना धागा उघडला. काही नव्हतं. त्यांना वाटलं आज कुणाचं काही न्हाई, झोपले. आत्ता लग्नाला गेलेत. आणि येरमाळ्याच्या बाजूची ती, पिल्लू दूध ओढत न्हाईवाली, तिनं काल दिवेलागणीला विचारलंय."

तीच गोष्ट, पुन्हा. दोन दारं. या वेळी दुसरं दार आम्ही बसवून दिलं होतं, रंग देऊन.

"तुम्ही डॉक्टरांना फोन लावा," मी म्हटलं. "मी बटण काढते."

आपांनी डॉक्टरांना पंगतीतून उठवलं. मी त्यांच्या मंचावर कोडच्या चार ओळी टाकून हिरवं बटण लपवलं आणि उत्तराची चौकट बाहेर ओढली. त्याला फार वेळ लागला नाही, पण मी उभ्यानंच केलं, खुर्चीत बसलेच नाही. मग आपांचा फोन येईपर्यंत खोलीत इकडून तिकडं. प्राचार्य वाकडेच राहिले.

फोन आला. शेळीला दोन पिल्लं झाली होती. एक गेलं होतं, सकाळीच. दुसऱ्याला कसं पाजायचं ते डॉक्टरांनी सांगितलं, बाईनं बोटाला दूध लावून चाटवलं, आता ओढतंय.

"एक गेलं," मी म्हटलं.

"एक राहिलं. तू बटण काढलंस का?"

"काढलं."

"मग बस आता खाली. तुझ्या चपलांचा आवाज इथवर येतोय."

त्या दिवशी आपांनी सगळे विषय एकेक करून परत धाग्यात ओढले. माफीचे सुद्धा. मी म्हटलं, ते तरी खोडा. त्या म्हणाल्या, "लोकांनी मनापासून मागितलीय. राहू दे."

माझ्या चार ओळी म्हणजे ठिगळ होतं. पुढच्या छोट्या व्हर्जनला मंच चढवला की ते उडणार. म्हणून मी सहकाऱ्यांसमोर मागणी ठेवली: मंच चालवणाऱ्याला नव्या विषयाचं बटण बंद करता आलं पाहिजे, आणि ती निवड दर व्हर्जनमध्ये तशीच टिकली पाहिजे.

पोर्तुगालच्यानं विचारलं, "विषय काढता येत नाही असा चर्चामंच कुणाला हवाय?"

"मुरुमला."

"ते काय आहे?"

मी सांगितलं. शेळ्या, धागा, डॉक्टर, हिरवं बटण. एक पिल्लू गेलं हेही सांगितलं, आवाज न चढवता. त्यानं नव्या पानाचा आराखडा उघडून पाहिला. मग म्हणाला, त्या बटणाचा रंग त्यानंच निवडला होता. रंगाचा प्रश्न नव्हता. सोय पुढच्या छोट्या व्हर्जनमध्ये आली. तक्त्याच्या तळाची माझी ओळही बदलली. जुन्याच्या दुरुस्त्या आता नवं आल्या दिवशी बंद होत नाहीत, काही महिने चालू राहतात. ते काम अर्थात माझ्याच गळ्यात पडलं. आणि तक्त्यात एक रकाना वाढला: फोनवर बोट कुठं जातं. रचनाकार त्यावर नाराज आहेत. तो रकाना भरायला त्यांना माणसांना विचारावं लागतं.

आपांच्या परवानगीनं त्या धाग्याची एक प्रत आमच्या चाचण्यांत ठेवली आहे, माणसांची नावं काढून. फाइलचं नाव मुरुम. आमच्यातल्या कुणालाही ते नकाशावर दाखवता येणार नाही, पण नव्या मोठ्या व्हर्जनचं काम आता पुन्हा सुरू झालंय, आणि परवाच्या बैठकीत पोर्तुगालच्यानं तक्ता उघडायच्या आधी विचारलं, "मुरुम चाललं का?"

"अजून नाही," मी म्हटलं, आणि उठून कूलरमध्ये पाणी टाकून आले.